क्यू विकताय ना, मग दोन शॉट मारू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र स्नूकरबद्दल (टेबलावर काठीने बॉल मारून पॉकेटमध्ये घालायचा खेळ) आहे त्यामुळे छापाल की नाही माहीत नाही, पण पुण्यात सध्या माझ्या वयाची बरीच मंडळी या खेळाकडे परत वळतायत आणि पहिल्याच पायरीवर, म्हणजे क्यू (बॉल मारायची ती लाकडी काठी) विकत घेताना, त्यांची जी फरफट होते त्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे होतं. परत वळणारे म्हणजे कोण, तर नव्वदच्या दशकात लेक्चर बुडवून स्नूकर पार्लरमध्ये पडीक असणारी पोरं, जी पुढे नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते, मुलांचे क्लास यात पार बुडाली आणि आता मुलं बंगळुरूला नाहीतर थेट जर्मनीला गेल्यावर संध्याकाळी करायचं काय म्हणून पुन्हा टेबलापाशी येऊन उभी राहिली. तेव्हा पार्लरला जाणं म्हणजे पोरगं वाया गेलं असा हिशोब होता, आता बायकोच म्हणते घरात बसून कुरकुर करण्यापेक्षा जा जरा खेळून या. असो.

तर टेबल मिळतं, पार्टनर मिळतो, हातही हळूहळू बसायला लागतो, अडतं ते क्यूपाशी. पार्लरमधल्या कॉमन क्यू कशा असतात ते खेळणाऱ्याला सांगायला नको. टिप (टोकावरची चामड्याची चकती) चपटी झालेली, फेरूल (टिपमागची टोपी) सैल, आणि शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) चिकट झाला की पोरं पावसाळाभर त्याला पॉलिश पेपर मारत बसतात त्यामुळे पुढचा भाग झिजून झिजून बारीक झालेला. शिवाय बऱ्याच ठिकाणी पूलची (स्नूकरसारखाच, पण मोठ्या बॉलचा खेळ) टेबलं जास्त, त्यामुळे स्टँडमध्ये पूलच्याच स्टिक जास्त. म्हणून स्वतःची क्यू घ्यावी असं वाटतं, ते बरोबरच आहे, आणि मग माणूस दुकानात जातो.

कॅम्पातल्या एका दुकानात (नाव लिहीत नाही, कारण बाकीकडेही थोड्याफार फरकाने हेच) झालेलं बोलणं देतो.

"वजन किती आहे हिचं?"

"काका, स्टँडर्ड आहे."

"आणि टिप किती एमएमची?"

"स्टँडर्डच येते सगळ्यांना."

"बरं, बाहेर काढून बघू का?"

"बघा ना, पण पॅकिंग फोडलं तर घ्यावी लागेल."

आता बोला. दहा वर्षांचं पोरगं बॅट घ्यायला आलं की त्याच दुकानात मधोमध उभं राहून चार ड्राइव्ह मारतं, कुणाच्या तरी डोक्याला लागायची वेळ येते तरी दुकानदार कौतुकाने बघत असतो, आणि बॅटीपेक्षा जिथे मिलिमीटरचा फरक जास्त जाणवतो ती वस्तू मात्र प्लास्टिकच्या पिशवीवरून चाचपून घ्यायची.

स्टँडर्ड असं काही नसतं हो. खेळाच्या नियमात क्यूबद्दल एवढंच आहे की ती ३ फुटांपेक्षा (९१४ मिमी) आखूड नको आणि आकार नेहमीचा, सगळ्यांनी मान्य केलेला असावा, बस. बाकी सगळं खेळणाऱ्यावर सोडलंय. बाजारात मिळतात त्या बहुतेक ५७-५८ इंची, वजन १७ ते १९ औंस म्हणजे साधारण ४८० ते ५४० ग्रॅम, टिप ९ ते १० मिमी. कागदावर हा फरक अगदीच किरकोळ दिसतो पण लागोपाठ दोन क्यू हातात घेतल्या की आंधळ्यालाही कळेल. आणि नुसतं वजन विचारूनही भागत नाही, ते वजन नेमकं कुठे आहे ते बघावं लागतं. क्यू आडवी धरून एका बोटावर तोलायची, साधारण बटच्या (मागच्या जाड भागाच्या) टोकापासून १६ ते १८ इंचांच्या दरम्यान ती स्थिर राहते. तो बिंदू फार पुढे गेला तर क्यू पुढून जड लागते, टेबलावर टेकवलेल्या हातावर दाब येतो, आणि फार मागे असला तर टोक हलकं पडतं आणि शॉट मारताना वर उचललं जातं. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, पण पिशवीतून बाहेर काढावी लागते ना!

परत येणाऱ्यांची खरी गोची अशी की प्रत्येकाच्या डोक्यात एक जुनी क्यू असते. कॉलेजच्या वेळची, कोपऱ्यात लपवून ठेवलेली, तिच्यावर त्याने कधीतरी मोठा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग पॉइंट, केलेला असतो (दर वर्षी तो ब्रेक दहा-पंधरा पॉइंटांनी वाढत जातो, तो विषय वेगळा) आणि दुकानात तो तिलाच शोधत असतो. पण तेव्हाचं शरीर कुठे राहिलंय? पोट आलं, कंबर पूर्वीएवढी वाकत नाही, खांदा आखडलाय, म्हणजे आपण आता टेबलावर कमी झुकतो, उभट उभे राहतो आणि मागचा हात पूर्वी पकडायचा त्यापेक्षा पुढे पकडतो. तेव्हा जी ५८ इंची बरोबर बसायची तीच आज मागून लांब वाटू शकते. त्यामुळे माझं सांगणं एवढंच की आठवणीतल्या क्यूशी जुळवू नका, आजच्या कोपराशी जुळवा. कशी, तर जिथे कुठे टेबल असेल तिथे शॉटसाठी वाका, टिप पांढऱ्या बॉलच्या अगदी जवळ आणा, आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कोपरापासूनचा हात सरळ खाली लोंबत असला पाहिजे आणि मुठीच्या मागे दोन-चार इंच बट उरली पाहिजे. हात पुढे गेलेला असेल आणि मागे वीतभर शिल्लक असेल तर ती क्यू तुमच्यासाठी लांब आहे, मग तिच्यावर कुणाची का सही असेना. दुकानात टेबल नसतं हे मान्य, पण काउंटर असतो, त्यावर सुद्धा एवढं बघता येतं.

लाकडाचं म्हणाल तर दोनच नावं ऐकू येतात, ॲश आणि मेपल. ॲशच्या शाफ्टवर रेषा स्पष्ट दिसतात, वरच्या बाजूने बाणाच्या टोकासारख्या एकामागे एक, आणि त्याचा मला तरी मोठा फायदा वाटतो, कारण प्रत्येक शॉटला ते बाण वर आहेत ना एवढं बघितलं की क्यू दर वेळी एकाच बाजूने हातात येते. मेपल गुळगुळीत, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत, काही जणांना नजर विचलित होत नाही म्हणून तेच आवडतं. यात चांगलं-वाईट काही नाही, दुकानदार मेपलचे जास्त पैसे सांगत असेल तर कारण विचारा एवढंच. बट बहुतेक एबनी नाहीतर रोजवुडची, ही जड लाकडं, त्यामुळे मागे वजन येतं. बट आणि शाफ्ट जिथे एकमेकांत शिरतात तिथली टोकं नीट बघा. मशीनवर केलेल्या जोडाची टोकं अणकुचीदार, एकसारखी असतात, हाताने केलेल्या जोडाची टोकं वरून गोलाकार येतात. हाताने केलेली महाग असणारच, पण मशीनवाली म्हणजे टाकाऊ असं अजिबात नाही, फक्त मशीनची क्यू "हँडमेड आहे साहेब" म्हणून विकत असतील तर ही टोकं बघितल्यावर लगेच कळतं. मी हे दाखवल्यावर एका विक्रेत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला फसवायला आलोय.

सरळ आहे का हे बघायला सगळे काय करतात, तर क्यू टेबलावर लोळवतात. लोळवून फार काही कळत नाही, कारण क्यू मागून जाड पुढून निमुळती, बटच्या टोकाला एका बाजूने सपाट तासलेली, त्यामुळे चांगली क्यू सुद्धा लोळताना हेलकावे खाते. त्यापेक्षा बटचं टोक डोळ्याजवळ धरायचं, एक डोळा मिटायचा आणि शाफ्टच्या रेषेवरून पुढे टिपपर्यंत बघत क्यू हळूहळू पूर्ण फिरवायची. बाक असेल तर कुठल्यातरी एका बाजूला शाफ्ट वळलेला दिसतोच. मग फेरूल. पितळेची ती छोटी टोपी आणि लाकूड यांच्या सांध्यावरून नख फिरवायचं, नख अडकलं नाही पाहिजे. मग जॉइंट उघडायचा, दोन्ही तोंडं स्वच्छ सपाट आहेत का, स्क्रू सरळ जातो का ते बघायचं, परत घट्ट लावून बटवर तळहाताने हलकेच थापट्या मारायच्या, आतून टकटक असा सैल आवाज आला तर ती ठेवून द्यायची. एवढं सगळं मी आमच्या क्लबच्या मार्करमामांकडून (मार्कर म्हणजे टेबलं सांभाळणारा, पॉइंट मांडणारा माणूस) शिकलो, या माणसाने हजारो टिपा बसवल्या असतील, आणि दुकानातल्या एकाही पोराला त्यातलं काही माहीत नव्हतं यात पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी शिकवलंच नाही.

जॉइंटवरून आठवलं. वन-पीस क्यू सगळ्यात चांगली असं जुने लोक सांगतात, त्याच्या खालोखाल थ्री-क्वार्टर, म्हणजे जोड मागे बटमध्ये आणि पुढचा लांब भाग सलग, आणि मधोमध जोड असलेली सगळ्यात कमी प्रतीची. ऐकायला पटतं. पण ही उतरंड ज्यांनी लावली ते ॲक्टिव्हावरून क्यू नेत नव्हते. थ्री-क्वार्टरचा शाफ्ट एकटाच साडेतीन फुटांच्या आसपास, केस त्याहून लांब, ती फूटबोर्डवर उभी ठेवली तर हँडलच्या वर येते, पाठीला लावली तर सिग्नलला मागच्याच्या हेल्मेटवर आपटते आणि पीएमपीच्या बसमध्ये घेऊन चढायचं म्हटलं तर कंडक्टर काय बोलतो ते छापण्यासारखं नाही. मधोमध जोडवाली अडीच-पावणेतीन फुटांच्या केसमध्ये बसते, गुडघ्यांमध्ये धरून कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून सुखरूप पोचते. आता कोणी म्हणेल जॉइंटने फील जातो, तर जोड नीट केलेला असेल तर आपल्यासारख्या २०-२५ च्या ब्रेकवाल्यांना तो फरक कळणार नाही, स्पष्टच सांगतो. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे क्लबात लॉकर घेऊ शकतात त्यांनी खुशाल थ्री-क्वार्टर घ्यावी. (विमानाने न्यायची असेल तर केबिनमध्ये क्यू चालत नाही, चेक-इन करावी लागते, तेव्हा केस कडक घ्या.)

टिपबद्दल दुकानांमध्ये जेवढं अज्ञान आहे तेवढं कशाबद्दलच नाही. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, त्याच्या क्यूची टिप १२-१३ मिमी. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी, म्हणून टिप ९-१० मिमी. मला साडेनऊ बरी वाटते, पण अर्धा मिमी इकडे-तिकडे चालून जातं. पूलची क्यू स्नूकर म्हणून गळ्यात मारली (आणि मारतात!) तर लहान बॉलवर जाड टिप नेमकी कुठे लागतेय याचा अंदाजच येत नाही, सरळ मारायला गेलं तरी नकळत साईड लागते, म्हणजे बॉलला बाजूची फिरकी बसते, आणि माणूस म्हणतो माझा हात गेला. हात गेलेला नसतो बाबा. दुसरं म्हणजे नव्या क्यूवर येणारी टिप बऱ्याचदा अगदीच कामचलाऊ असते, ती लगेच बदलून घ्या. एल्क मास्टर सारखी साधी चामड्याची टिप घ्या, मार्करकडून बसवून घ्या, घुमटासारखा गोल आकार द्यायला सांगा. सुरुवातीला ती दाबली जाऊन फेरूलच्या बाहेर पसरते, तेव्हा कडा तासून घ्याव्या लागतात, हे नैसर्गिक आहे, टिप खराब आली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, भांडायला इतर पुष्कळ कारणं आहेत.

आता पैशाचं. दोन-अडीच हजारांपासून सुरू होतात त्या इंग्लंडहून मागवलेल्या हाताने केलेल्या क्यूपर्यंत, आणि तिथे मग आकडा, कुरियर, कस्टम ड्यूटी सगळं मिळून घरी न सांगण्यासारखा होतो. आमच्यातल्या ज्यांच्या खिशात आता पैसे आहेत त्यांना वाटतं तेव्हा परवडत नव्हती, आता घेऊनच टाकू. घ्या की, पैसा तुमचा. पण स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ मध्ये ७ वेळा वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती दुकानातल्या एका साध्या, स्वस्तातल्या क्यूवर, आणि २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली तेव्हा सगळं स्नूकरजग हळहळलं, तरी त्याच वर्षी दुसऱ्या क्यूने त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. महागाची क्यू घेण्यात वाईट काही नाही, वाईट आहे ते सारखी बदलण्यात. प्रत्येक क्यूचा पुढचा भाग वेगळा वाकतो, साईड लावली की पांढरा बॉल निघताना थोडा बाजूला ढकलला जातो आणि तो किती ढकलला जाईल हे क्यूगणिक वेगळं, त्याचा अंदाज हाताला बसायला महिने लागतात. दर दिवाळीला क्यू बदलणारा माणूस दर दिवाळीला शून्यापासून सुरुवात करतो. २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलमध्ये रॉनी ओसुलिव्हनसारख्या माणसाने सामना चालू असताना टिप आणि फेरूल बदलून बघितली, झाओ शिंटोंगकडून १७-७ हरला. हरण्याला तेवढंच कारण होतं असं मी म्हणत नाही, पण हातातल्या वस्तूवरचा विश्वास उडाला की ७ वेळचा चॅम्पियनही चाचपडतो एवढं दिसलं.

आणि क्यूच्या आधी चष्मा! हे कुणीच सांगत नाही. चाळिशीनंतर आपल्यातल्या बहुतेकांना प्रोग्रेसिव्ह नाहीतर बायफोकल लागलेला असतो, आणि शॉटसाठी हनुवटी क्यूवर आणली की आपण काचेच्या अगदी वरच्या कडेतून बघत असतो, कधी तर फ्रेमच आडवी येते. लाल बॉल अस्पष्ट, पॉकेट त्याहून अस्पष्ट, मान वर करून बघितलं की क्यू हलली. डेनिस टेलर १९८५ ला वर्ल्ड फायनल जिंकला, स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध १८-१७, शेवटच्या फ्रेमच्या (डावाच्या) शेवटच्या काळ्या बॉलवर, तेव्हा त्याचा तो मोठ्ठा उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा बघून लोक हसायचे, पण तो याच अडचणीवर काढलेला उपाय होता. काच उंच, म्हणजे वाकल्यावरही नजर काचेतूनच जाते. तसा नाही मिळाला तरी लांबच्या नंबरचा एक साधा, उंच फ्रेमचा चष्मा चष्मेवाल्याकडून करून घ्या, नव्या क्यूच्या पैशात बहुतेक होईल आणि माझ्या मते बॉल पॉकेटमध्ये त्याने जास्त जातील.

पुण्याच्या हवेचंही बघायला हवं. जून ते सप्टेंबर दमट, मग थंडीत एकदम कोरडं, लाकूड फुगतं-आकसतं. क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, दुकानात ज्या महिनोन्महिने तशा टेकवलेल्या दिसतात त्या तर घेऊच नका, हळूहळू बाक येतो. आडवी सपाट किंवा सरळ उभी, केसमध्ये. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. पावसाळ्यात शाफ्ट चिकटायला लागला की पॉलिश पेपर नको, किंचित ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं फिरवा, बास होतं. ॲशच्या शाफ्टला कधीतरी कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यावा, रात्रभर ठेवून पुसून टाकावं. एकच सांगतो, ते तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि असं फडकं आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवा आणि मग टाका.

आता मूळ मागणीवर येतो, कारण संपादक साहेब, हे सगळं ज्ञान मी तुमच्या वाचकांना पाजळतोय ते दुकानात वापरताच येणार नसेल तर काय उपयोग. हा खेळ जबलपूरला १८७५ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी जन्माला घातला असं मानतात, म्हणजे इथलाच म्हणायचा. भारताचा पहिला जागतिक विजेता विल्सन जोन्स, १९५८ ला कलकत्त्यात बिलियर्ड्सची (तशाच टेबलावर खेळायचा स्नूकरचा जुना भाऊ) हौशी जागतिक स्पर्धा जिंकणारा, १९६४ ला पुन्हा जिंकणारा, तो जन्मला पुण्यात. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत जागतिक विजेता झालेल्या पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातलाच, १९८५ चा, वाढला आणि घडला मात्र बंगळुरूत. पीवायसी, पूना क्लब असे जुने क्लब इथे आहेत, गल्लोगल्ली पार्लर आहेत. आणि या शहरात एखाद्याला क्यू घ्यायची असेल तर ती टेबलावर एकदा मारून बघायची सोय नाही, हे जरा अतीच होतंय.

दुकानदारांकडून फार मोठं काही नकोय. प्रत्येक क्यूला एक चिठ्ठी बांधा, तिच्यावर लांबी, वजन, टिपचं माप आणि लाकूड लिहा. तुमच्याकडे काटा नसेल तर शेजारच्या किराणावाल्याकडे आहे. प्रत्येक प्रकारातली एक क्यू पिशवीबाहेर ठेवा, हात लागून खराब होते म्हणता तर तीच डिस्प्ले पीस म्हणून शेवटी कमी किमतीत विका, आमच्यासारखे कितीतरी पुणेकर त्या शेवटच्या पीसचीच वाट बघत असतील. आणि जवळच्या एखाद्या पार्लरशी बोलून ठेवा, गिऱ्हाईक दोन-तीन क्यू घेऊन तिथे जाईल, अर्ध्या तासाचं टेबलाचं भाडं गिऱ्हाईकच देईल, डिपॉझिट हवं तर ठेवून घ्या, एक ठेवेल बाकीच्या परत करेल. यात दुकानदाराचा धंदा, पार्लरवाल्याचा धंदा, कुणाचं काय जातं? जी पोरं ऑनलाइन मागवतात आणि बाक आलेली क्यू परत पाठवण्यात महिना घालवतात ती सुद्धा दुकानात येतील.

क्लबांनाही एक विनंती आहे. मेंबरांच्या लॉकरमध्ये कितीतरी क्यू वर्षानुवर्षं पडून आहेत, मालक खेळायचे थांबलेत, काही तर हयातही नाहीत. घरच्यांना विचारून त्यातल्या चांगल्या क्यूंना नवी टिप बसवून वर्षातून एखादा रविवार त्या विक्रीला मांडा, मार्करला बाजूला बसवा, त्याच्या सल्ल्याचे त्याला वेगळे पैसे द्या. जुनं लाकूड इतकी वर्षं सरळ राहिलं असेल तर पुढेही राहायची शक्यता जास्त, नव्यापेक्षा मी तरी तेच घेईन. बिगरमेंबरांना त्या एका दिवशी आत सोडलं तर क्लबचं काही बिघडणार नाही, बूट पुसून येऊ.

तोवर जे कुणी आत्ता घ्यायला निघालेत त्यांनी मार्करला नाहीतर रोज खेळणाऱ्या एखाद्या मित्राला बरोबर न्यावं, खिशात मोजपट्टी ठेवावी आणि "स्टँडर्ड" हा शब्द ऐकला की चहा प्यायला बाहेर पडावं. आणि वर लिहिलं तसं करणारं एखादं दुकान पुण्यात असेलच तर त्यांनी याच सदरात पत्र पाठवून कळवावं, आमच्या शनिवारच्या ग्रुपमधल्या तिघांना गणपतीच्या आधी क्यू घ्यायच्या आहेत आणि पैसे रोख देणार आहेत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे